मंद गतीची परीक्षा : डिझेल इंजिन अडखळते तेव्हा

बुऱ्हाणपूर आणि पाणी यांचे नाते फार जुने आहे. इ. स. १६१५ मध्ये, अब्दुल रहीम खानखाना यांच्या सुभेदारीच्या काळात, येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून येणारे भूगर्भातील पाणी केवळ जमिनीच्या उताराच्या आधाराने शहरात आणणारी ही योजना पाहिली म्हणजे आजही मन थक्क होते. तेथे पाणी स्वतःच्या वजनाने वाहते. त्याला ना बैल लागतो, ना यंत्र. परंतु शहराबाहेरच्या केळीच्या आणि कापसाच्या मळ्यांना उताराची ही कृपा लाभत नाही. तेथे पाणी विहिरीतून वर ओढावे लागते. पूर्वी हे काम मोट करीत असे; पुढे ते डिझेल इंजिनाने अंगावर घेतले. आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या असल्या, तरी वीज नसेल तेथे आणि वीज जाईल तेव्हा अजूनही इंजिनाचीच आठवण होते. शनवाऱ्याच्या आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी असे एखादे इंजिन आहे. निदान जनित्राच्या रूपाने तरी त्याचा आवाज प्रत्येकाने ऐकलेला आहे.

या इंजिनाची एक तक्रार वारंवार कानी येते. पूर्ण वेगात ते व्यवस्थित चालते. पण वेग कमी केला की धडधडू लागते, मध्येच एखादा ठोका चुकवते, पांढरा किंवा काळा धूर सोडते आणि शेवटी बंद पडते. असे झाले की मालक म्हणतो, ‘इंजिन काम उरकून देते ना, मग मंद गतीची काळजी कशाला?’ किंवा याच्या उलट घाबरून सगळे इंजिन उघडायला लावतो. आमच्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. मंद गती ही इंजिनाची परीक्षा आहे. वेगात झाकला जाणारा दोष तेथे उघडा पडतो आणि तो लहान असतानाच सापडतो. असे का होते, आणि दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हे या पाठात पाहू.

थोडा इतिहास

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. हवा अतिशय दाबली असता ती इतकी तापते की तिच्यात सोडलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते, या तत्त्वावर त्यांनी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे इंजिन उभारण्यास आरंभ केला. १८९३ मधील पहिल्या प्रयोगांत यश आले नाही. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी मात्र ते यंत्र प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले. किती? अवघे एक मिनिट, आणि त्या मिनिटात ८८ फेरे! म्हणजे डिझेल इंजिनाचा जन्मच मंद गतीत झाला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १८९७ साली त्याची अधिकृत चाचणी झाली. तेव्हा तेलातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे काम करून दाखविल्याची नोंद झाली. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हे साधत नव्हते.

आपल्याकडे सातारच्या कूपर कारखान्यात १९३३ साली तयार झालेले डिझेल इंजिन हे देशातील पहिले मानले जाते. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कारखान्याची स्थापना झाली, आणि शेतकऱ्याच्या विहिरीवरील लहान इंजिन हे महाराष्ट्र, खानदेश आणि निमाड या भागांत ओळखीचे दृश्य झाले.

इंजिनाच्या पोटात काय घडते?

उदाहरणासाठी पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला १,५०० फेरे घेणारे इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर धरली, तर एका धावेत ओढलेली हवा सुमारे ५५३ घन सेंटिमीटर भरते. दट्ट्याच्या चार धावांत एक चक्र पूर्ण होते. पहिल्या धावेत हवा आत येते. दुसऱ्या धावेत ती सोळा-सतरा पटींनी दाबली जाते आणि ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या धावेच्या अखेरीस नोझलमधून तेलाचा अतिसूक्ष्म फवारा येतो, पेट घेतो आणि तिसऱ्या धावेत दट्ट्याला खाली ढकलतो. चौथ्या धावेत धूर बाहेर जातो. चार धावांपैकी शक्ती मिळते ती एकाच धावेत. उरलेल्या तीन धावा फ्लायव्हील, म्हणजे बाजूचे जड चाक, आपल्या साठवलेल्या गतीवर निभावून नेते.

मंद गतीलाच त्रास का?

येथे विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल घ्यावी. कारण उत्तर साध्या अंकगणितात दडलेले आहे. मंद गती मिनिटाला ६०० फेरे समजू.

पहिली गोष्ट वेळेची. १,५०० फेऱ्यांच्या वेगात एका फेऱ्याला ०.०४ सेकंद लागतो, म्हणून हवा दाबण्याच्या धावेला ०.०२ सेकंद मिळतो. ६०० फेऱ्यांच्या वेगात तीच धाव ०.०५ सेकंद चालते, म्हणजे अडीचपट वेळ. झिजलेल्या रिंगांतून किंवा नीट न बसलेल्या झडपेतून हवेला निसटून जायला अडीचपट अवधी मिळतो, आणि तापलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जायलाही तेवढाच. हवा पुरेशी तापली नाही की तेल उशिरा पेटते किंवा पेटतच नाही.

दुसरी गोष्ट तेलाच्या मापाची. असे इंजिन पूर्ण भारावर ताशी सुमारे एक लिटर डिझेल घेते. एका लिटरचे दहा लक्ष घन मिलिमीटर होतात. मिनिटाला १,५०० फेरे म्हणजे ७५० फवारे. तासाला ४५,००० फवारे. भागाकार केला तर एका फवाऱ्यात सुमारे २२ घन मिलिमीटर तेल येते. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरांचा असतो. म्हणजे पूर्ण भारावरचा फवारा अर्ध्या थेंबाहूनही कमी! भार काढून इंजिन मंद ठेवले की हे माप आणखी घटून पाच घन मिलिमीटरांच्या आसपास येते, म्हणजे थेंबाचा दहावा भाग. आता समजा, नोझलच्या टोकाशी एक घन मिलिमीटर तेल गळते आहे. पूर्ण भारावर ही चूक बाविसांत एक. मंद गतीला पाचांत एक. दोष तोच, पण त्याचे प्रमाण चौपटीहून अधिक वाढले.

तिसरी गोष्ट फ्लायव्हीलची. फिरत्या चाकातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग १,५०० वरून ६०० वर, म्हणजे ०.४ पट झाला की ऊर्जा ०.१६ पट, सुमारे एक षष्ठांश, राहते. आणि एवढ्या पुंजीवर दोन स्फोटांमधला अडीचपट काळ काढावयाचा असतो! एखादा स्फोट चुकला तर वेगात तो जाणवतही नाही. मंद गतीला मात्र इंजिन अडखळते.

चौथी गोष्ट गव्हर्नरची. तेलाचे माप कमी-जास्त करणाऱ्या या वेगनियंत्रकात फिरती वजने असतात. त्यांची बाहेर ओढ घेण्याची शक्तीही वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ती मंद गतीला क्षीण होते, म्हणून सांध्यात थोडी धूळ किंवा चिकटा असला तरी दांडी अडकते. मग इंजिन एका चालीने न चालता झोपाळ्यासारखे वर-खाली होत राहते.

शोध कसा घ्यावा?

चांगला वैद्य आधी नाडी पाहतो, विचारपूस करतो, आणि मग औषध देतो. चांगला मिस्त्रीही पान्याला हात घालण्यापूर्वी प्रश्न विचारतो. दोष एकाएकी आला की हळूहळू वाढत गेला? त्याच्या आधी नवे डिझेल भरले होते काय? फिल्टर बदलला होता काय? थंड असता त्रास होतो की तापल्यावरही? या चार उत्तरांतच अर्धा शोध संपतो. एकाएकी आलेला दोष बहुधा तेलाच्या मार्गात असतो. महिनोन्‌महिने वाढत गेलेला दोष बहुधा झिजेचा असतो.

त्यानंतर धुराकडे पाहावे. सुरुवातीचा थोडा वेळ येणारा पांढरा धूर स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर तेल न पेटता वाफ होऊन जात आहे, असे समजावे; दाब कमी, फवारा उशिरा, किंवा डिझेलात पाणी. काळा धूर म्हणजे तेलाच्या मानाने हवा अपुरी, किंवा फवाऱ्याऐवजी ओघळ. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे.

आता तपासणीचा क्रम. तो सोप्याकडून कठिणाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे जावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, इंजिन चालवून पाहावे, आणि मगच पुढे जावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारले, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

१. टाकी व डिझेल. टाकीच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी असल्यास ते खाली बसते. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले नाही ना, हेही पाहावे. ते बुजले तर टाकीत पोकळी होऊन तेल उतरत नाही.

२. पाइपातील हवा. मिस्त्री म्हणतात, ‘इंजिनाने एअर घेतली.’ तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पंपाचा जोर हवेचा बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि फवारा लहान व उशिरा येतो. मोठ्या फवाऱ्यात हे खपून जाते, लहान फवाऱ्यात नाही. इंजिन बंद असता फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावे, मग पंपाजवळ तसेच करावे. हवा पुनःपुन्हा येत असेल तर एखादी वॉशर फाटली आहे किंवा नट सैल आहे.

३. फिल्टर. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. तेलाचा फिल्टर तुंबला तर इंजिन मंद गतीला बरे चालते आणि भारावर दम सोडते. कारण त्या वेळी तेल अधिक लागते. आपली तक्रार याच्या उलट असेल तर फिल्टरवर दोष ढकलण्याची घाई करू नये. हवेचा फिल्टर मात्र स्वच्छ असावाच. नांगरटीच्या दिवसांत येथील काळ्या मातीची धूळ तो लवकर भरून टाकते, आणि ती आत गेली तर रिंगा झिजवते.

४. गव्हर्नरच्या दांड्या. इंजिन बंद असता बाहेरच्या दांड्या हाताने हलवून पाहाव्यात. त्या मोकळ्या असाव्यात. चिकटा पुसून काढावा. आतील स्प्रिंग व स्क्रू यांना हात लावू नये.

५. झडपांचे अंतर. झडप आणि ती दाबणारी दांडी यांच्यामध्ये थोडे अंतर ठेवलेले असते. ते मुळीच राहिले नाही तर झडप पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले माप, पुस्तिका सांगेल त्या स्थितीत, फीलर गेजने तपासावे.

६. दाब. डिझेल बंद करून हँडलने इंजिन सावकाश फिरवावे. दाबाच्या धावेत हाताला स्प्रिंगसारखा विरोध जाणवला पाहिजे. विरोध नसेल तर कान द्यावा. फुसफुस हवेच्या नळीतून ऐकू आली तर आत घेणारी झडप, सायलेन्सरमधून आली तर धूर सोडणारी झडप, आणि वंगण तेल भरण्याच्या तोंडातून आली तर दट्ट्याच्या रिंगा. एक पैही खर्च न करता तीन रोगांतला भेद कळतो!

७. नोझल. इतके झाल्यावर नोझल काढून तपासणीच्या यंत्रावर न्यावे. फवारा धुक्यासारखा पडावा, आणि तुटताना टोकाशी थेंब राहू नये.

८. पंप. हा सर्वांत शेवटी, आणि तो जाणत्या कारागिराकडेच. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट क्रम चालतो. आधी पंप उघडतात आणि मग टाकीतले पाणी सापडते. शेतकऱ्याचे पैसे जातात, त्याहून मोलाचे पाण्याचे चार दिवस जातात. बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात केळीला ते चार दिवस फार जड जातात.

आमची मातृभाषा कोकणी. आमच्या किनाऱ्यावर हीच यंत्रे होड्यांत बसविलेली असतात. खाडीच्या मुखातून आत शिरताना तांडेल वेग कमी करतो. तेव्हा दोन्ही बाजूंना खडक किंवा वाळूचे दांडे असतात. नेमके तेथे इंजिन बंद पडले तर लाट होडीला आपल्या मर्जीने नेते. तेथील लोक मंद गतीच्या ठोक्याकडे इतके कान देऊन का असतात, हे त्यावरून कळेल. मळ्यातल्या माणसानेही तसाच कान द्यावा, असे आम्हांस वाटते.

जिवाची काळजी

आता जे सांगावयाचे ते घरातील सर्वांनी वाचावे.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभच तोलू शकतो, आणि व्यवहारात सहा-सात मीटरच साधतात. म्हणून पाणी खोल गेले की कित्येक जण पंप आणि इंजिन विहिरीच्या आतल्या चौथऱ्यावर उतरवितात. येथेच मृत्यू दबा धरून बसतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. नीट न जळणारे इंजिन तो अधिक सोडते. विहिरीत वारा नसल्यामुळे धूर साचतो आणि प्राणवायू घटतो. अडखळणारे इंजिन पाहण्यासाठी एक जण उतरतो, तो कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. इंजिन चालू असता किंवा नुकतेच बंद झाले असता विहिरीत कोणीही उतरू नये. दिवा विझला नाही म्हणजे हवा निर्धोक, ही समजूत प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडने दिवा विझत नाही. कोणी आत बेशुद्ध पडला तर मागोमाग उडी घालू नये. लोकांना हाका माराव्यात आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. बंद खोलीत जनित्र चालविणेही तितकेच घातक आहे.

नोझलचा फवारा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाबाने येतो. तो हाताच्या तळव्यावर पाहू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे. जुन्या अनेक सिलिंडरांच्या इंजिनांत एकेका नोझलचा नट सैल करून दोषी सिलिंडर ओळखण्याची रीत आहे. आजच्या कॉमन रेल पद्धतीच्या मोटारी व ट्रॅक्टर यांवर ती मुळीच वापरू नये. तेथे दाब वातावरणाच्या हजारपटीच्याही पुढे असतो. पट्ट्याजवळ धोतर, ओढणी, सैल बाही नेऊ नये, आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलटा झटका बसला तर मनगट वाचते.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आणि यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही हा पाठ लिहिण्याचे धाडस केले, कारण येथे लागते ते ज्ञान आठवी-नववीच्या पुस्तकात आहे: वेगाचा वर्ग, घनफळ, हवेचा दाब, भागाकार. ते पुस्तकातून मळ्यापर्यंत नेणारा विद्यार्थी घरात असला, तर घरच्यांचा पैसा वाचेल. कदाचित एखाद्याचा जीवही.

स्वाध्याय

१. मंद गती मिनिटाला ७५० फेरे असेल, तर फ्लायव्हीलमधील ऊर्जा १,५०० फेऱ्यांच्या मानाने कितीपट उरेल?

२. एक इंजिन भारावर दम सोडते, पण मंद गतीला उत्तम चालते. आधी काय तपासाल, आणि का?

३. हँडल फिरविताना सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू येते. दोष कोठे असावा?

४. आपल्या मळ्यातील किंवा शेजारच्या एखाद्या विहिरीत इंजिन आत बसविलेले आहे काय, हे पाहा. असल्यास ‘जिवाची काळजी’ हा भाग तेथील माणसांना वाचून दाखवा.